गाळलेली ओळ

प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ मी पावणेपाच वर्षं म्हटली नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो’ इथपर्यंत मी मंडळीबरोबर असायची. पुढे सगळे ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणायचे आणि मी ओठ मिटून घ्यायची. ‘आमची रोजची भाकर’ आली की पुन्हा त्यांच्यात मिसळायची. दोनशे माणसांच्या आवाजातला एक आवाज कमी झाला तर कुणाला कळत नाही. मला मात्र ती रिकामी जागा दर रविवारी ऐकू यायची.

अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 साली आलं. त्या मिशनच्या कामातूनच पुढे आमचं घराणं मंडळीत आलं. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या घरी दिवेलागणीला ही प्रार्थना झाल्याशिवाय ताटं वाढली जायची नाहीत. दादा, म्हणजे माझे वडील, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि सुरुवात करत. मला ती कधी पाठ झाली ते आठवत नाही, इतकी लहान होते. चालायला शिकल्याचं कुठे आठवतं?

2016 च्या ऑक्टोबरात माझ्या लेकीला आंघोळ घालताना तिच्या पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके दिसले. ती आठ वर्षांची होती. मी स्टाफ नर्स आहे, तेव्हा एकोणीस वर्षं नोकरी झाली होती. ते ठिपके दाबले तर जात नव्हते. टॉवेल तिच्या अंगाभोवती गुंडाळला आणि मला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला, आठवड्याने पुण्यात कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली. रक्ताचा कॅन्सर. पहिल्या महिन्याच्या औषधांनी ती चांगली सावरली, घरी आली, केस पुन्हा उगवले, मऊ, बदकाच्या पिल्लासारखे. पुढच्या उपचारांत पांढऱ्या पेशी खाली गेल्या आणि ताप आला. जुलै 2017. या आजाराबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही.

एक प्रसंग मात्र लिहायलाच हवा, कारण सगळी गाठ तिथे बसली. ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी औषधं आणायला खाली गेले होते. परत आले तर दादा तिच्या खाटेशी उभे. टोपी हातात, डोळे मिटलेले, दुसरा हात खाटेच्या कठड्यावर. ते म्हणत होते, “तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, बापा.” एवढंच ऐकलं मी. तीन दिवसांनी ती गेली.

दवाखान्यात संमतीपत्र असतं. नातेवाईक सही करतात, मग पुढचं होतं. अशा शेकडो सह्या मी घेतल्या आहेत, कुठे करायची तिथे बोट ठेवून. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच बसलं: दादांनी सही केली. मी खाली गेले होते तेवढ्यात, मला न विचारता.

माती दिल्यावर घरी माणसं येत राहिली. “देवाची इच्छा, बाई.” “देवाने दिलं, देवाने नेलं.” “त्याच्या बागेत फूल कमी पडलं असेल.” येणाऱ्यांचा जीव खरोखर तुटत होता, त्यांना मी दोष देत नाही. शिवाय हे वाक्य वॉर्डात मीही कितीदा उच्चारलं होतं! रात्री तीन वाजता एखादी आई भिंतीशी कोसळलेली असते, अशा वेळी तोंडाला येईल ते माणूस बोलतं. पण स्वतःच्या घरात ते ऐकल्यावर कळलं की त्याने सांत्वन होत नाही. त्याने देव खुनी ठरतो, आणि रडायचं तर त्याच्याच खांद्यावर.

‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे बायबलमधल्या ईयोबाचं, एका दिवसात सगळी लेकरं गमावलेल्या माणसाचं, वाक्य पहिल्या अध्यायात आहे. ईयोबाचं पुस्तक बेचाळीस अध्यायांचं. तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे पानामागून पान देवाशी भांडतो. मित्र देवाची बाजू घेऊन त्याला समजावतात. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. भांडणारा नीट बोलला! सांत्वनाच्या उपासनेत पहिला अध्याय वाचतात आणि पुस्तक मिटतात. एकदा तरी तिसरा वाचावा, असं मला फार वाटतं.

मी देव सोडला नाही. सोडता आला असता तर सोपं झालं असतं. मी उपासनेला जायची, गायनं म्हणायची, घरी पाळकसाहेब आले तर “सलाम” म्हणून चहा ठेवायची. प्रभुभोजनाच्या रविवारी पोटात दुखायचं. पुढेपुढे शनिवारची रात्रपाळी मागून घेऊ लागले, म्हणजे रविवारी झोपायला कारण मिळे. दादा महिन्या-दोन महिन्यांनी एस.टी.ने यायचे. पिशवीत बाजरी, भुईमुगाच्या शेंगा, हिवाळ्यात घोळाण्यासाठी हरभऱ्याचा कोवळा पाला. पायरीवर बसून तो निवडायचे. मी जेवायला वाढायची आणि आत निघून जायची. बापाला उपाशी ठेवलं नाही, पण त्यांनी आणलेलं त्यांच्यासमोर कधी खाल्लंही नाही. पाला तसाच वाळून जायचा. ते काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला पुन्हा आणायचे.

2020 मध्ये मंदिरं बंद झाली. मी कोविड वॉर्डात होते. घरात असेन तेव्हा आम्ही तिघं, हे, मी आणि मोठा मुलगा, मोबाईल मध्ये ठेवून उपासना करायचो. दोनशे माणसांत लपलेली गोष्ट तिघांत लपत नाही. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मुलगा म्हणाला, “मम्मी, ती ओळ तू सोडतेस का?” चौदा वर्षांचा होता. ह्यांनी त्याच्याकडे पाहून नको अशी मान हलवली. म्हणजे ह्यांना आधीच माहीत होतं. मी म्हटलं, “हो, सोडते.” तो म्हणाला, “मी पण मनातून सोडतो. तोंडाने म्हणतो.” त्या रात्री मी पहिल्यांदा घाबरले. माझं भांडण माझ्यापुरतं नव्हतं. मी ते पोराला वाढून ठेवलं होतं.

2022 च्या फेब्रुवारीत पाळकसाहेब घरी आले. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. त्यांनी मला चौथा उद्गार दिला: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ मी नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “सिस्टर, हा उद्गार ज्याला समजतो त्याला मी देत नाही. ज्याच्या घरात तो राहतो त्याला देतो.” मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही.

दोन महिने रात्रपाळीत, कामातून उसंत मिळाली की, ड्यूटी रूमच्या ड्रॉवरमधला गिडियनवाल्यांनी वाटलेला छोटा नवा करार काढून बसायचे. ज्यात चूक सापडावी असं वाटतं, ते माणूस फार बारकाईने वाचतं. मी तशी वाचत होते.

पहिली गोष्ट दिसली ती साधी आहे, तरी लहानपणापासून कुणी दाखवली नव्हती. सात उद्गारांतला पहिला ‘हे बापा’ म्हणून सुरू होतो: त्यांना क्षमा कर. शेवटचाही ‘हे बापा’ म्हणून: मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो. मधल्या, चौथ्या उद्गारात बाप नाही. तिथे ‘माझ्या देवा’ आहे. ते शब्द बाविसाव्या स्तोत्राचे आहेत. स्वतःचे शब्द संपले की माणूस लहानपणी पाठ केलेले शब्द धरतो, तसे त्याने धरले. ज्याच्या तोंडी उठता-बसता बाप होता, त्या पुत्राच्या तोंडून त्या घटकेला ‘बापा’ निघालं नाही. मी तो पातळ कागद बोटाखाली धरून बसून राहिले. बेल वाजली तेव्हा उठले.

दुसरी गोष्ट गेथशेमाने बागेतली, येशूला धरून नेलं त्या रात्रीची. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू त्या रात्री तीनदा तीच प्रार्थना करतो: हा प्याला माझ्यापासून टळून जावो. आणि तिथे ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शब्द येतात, तेच, जे त्याने डोंगरावर शिष्यांना शिकवले होते. शिकवताना दिवस होता, लोक भोवती होते. म्हणायची वेळ आली तेव्हा रात्र होती आणि बरोबरचे तिघंही झोपले होते. लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. माझ्या गाळलेल्या ओळीसाठी त्यालाही एवढं झगडावं लागलं होतं. मार्कात याच ठिकाणी ‘अब्बा’ आहे, घरात बापाला मारायची हाक. प्याला नको म्हणतानाही हाक अब्बाच.

तिसरी गोष्ट मात्र मला हलवून गेली. मत्तयाचा अठरावा अध्याय. शंभर मेंढरांतलं एक भटकतं, मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याला शोधत जातो, आणि मग येशू म्हणतो की या लहानांतल्या एकाचाही नाश व्हावा अशी तुमच्या स्वर्गातल्या पित्याची इच्छा नाही. इच्छा नाही! मी त्या प्रार्थनेकडे परत गेले. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ जे जे घडतं ते सगळं त्याच्याच इच्छेने घडत असतं, तर तसं होवो म्हणून रोज मागायचं कशाला? मागायला सांगितलं म्हणजे ते अजून इथे होत नाही. स्वर्गात होतं, पृथ्वीवर अजून होत नाही. लहान पोरांच्या पांढऱ्या पेशी खाली जातात, ते त्याच्या इच्छेप्रमाणे न झालेलं जग आहे. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, असं योहानात आहे. स्वतःच्याच इच्छेने झालेल्या गोष्टीवर कुणी रडतं?

मग त्याने थांबवलं का नाही? हा प्रश्न माझा आजही तसाच आहे. पण खुनाचा आरोप मागे घेतला होता मी.

त्यानंतर मला बरं वाटायला हवं होतं. उलट ते आठवडे सगळ्यांत वाईट गेले. इतकी वर्षं माझ्याकडे फिर्याद होती. आरोपी होता, साक्षीला दादा होते. रोज उठून ती केस लढायची म्हटलं की दिवस निघायचा. आरोप गेला आणि राहिली फक्त लेक, नसलेली. रात्री लिनन रूममध्ये चादरींच्या थप्पीत तोंड खुपसून मी जे रडले, तसं 2017 मध्येही रडले नव्हते.

त्याच दिवसांत मत्तयाचा तेविसावा अध्याय वाचनात आला. यरुशलेमेकडे पाहून येशू म्हणतो, कोंबडी आपली पिल्लं पंखांखाली गोळा करते तसं तुझ्या लेकरांना गोळा करायची किती वेळा माझी इच्छा होती, पण तुमची इच्छा नव्हती. इथेही इच्छाच. आमच्या घरी कोंबड्या होत्या. घार आली की कोंबडी घशातून एक वेगळाच आवाज काढते आणि पिल्लं पळत येतात. एखादं येत नाही. कोंबडी त्याला ओढून आणू शकत नाही, तिला हात नाहीत. ती पंख उघडून ओरडत राहते. लेकीला त्याने नेलं म्हणून मी त्याच्या इच्छेला विरोध करतेय, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. खरा विरोध दुसरीकडेच चालला होता. कुणी मला जवळ घ्यावं, हे मी होऊ देत नव्हते. ह्यांना नाही, देवाला नाही, पायरीवर पाला निवडत बसलेल्या त्या म्हाताऱ्यालाही नाही. मला वाटायचं, थोडं जरी बरं वाटून घेतलं तर लेक पूर्णच जाईल.

उत्तम शुक्रवारी, 15 एप्रिलला, मी नऊ मिनिटं बोलले. चौथ्या उद्गारात बाप नाही, एवढंच सांगितलं आणि म्हटलं, ज्यांच्या तोंडून आज ‘बापा’ निघत नाही त्यांनी ‘माझ्या देवा’ म्हणावं, तेही पवित्र शास्त्रातच आहे आणि तेही त्याचंच आहे. ती ओळ तेव्हाही मी म्हटली नव्हती. खाली बसले तेव्हा पाय कापत होते.

मुलाने ते मोबाईलवर रेकॉर्ड करून आजोबांना पाठवलं होतं. शनिवारी सकाळी मी एकटीच एस.टी.ने गावी गेले. दादा ओट्यावर होते. बैल दोन वर्षांपूर्वी विकले, पण पराणी, बैल हाकायची ती टोकदार काठी, अजून दाराआड उभी असते. मी पाणी प्यायले आणि उभ्यानेच विचारलं, “दादा, तुम्ही त्या दिवशी तिच्या खाटेपाशी सही का केली?”

त्यांना ‘सही’ कळेना. मग मी सगळं सांगितलं. ते खूप वेळ गप्प राहिले. आई आतून आली, उंबऱ्याशी थांबली.

“तू दुसरं अर्ध ऐकलंस, बाई,” दादा म्हणाले. “पहिलं अर्ध म्या गाडीत म्हनत आलो व्हतो. शेवगावपासून पुन्यापत्तर. तिला ठिव, मला ने. म्हाताऱ्याला ने. हा प्याला टळू दे. शेजारच्या बाईनं इचारलं, बाबा बरं न्हाई का. दवाखान्यातबी तेच म्हनलं, धा येळा म्हनलं. मग पोरीकडं बघितलं, तर ती लई दमली व्हती. तवा म्हनलं, तुझ्या मनासारकं कर. म्या सही न्हाई केली. माझा हात पुरत न्हाई म्हनून त्याच्या हातात दिली.”

मी काहीच बोलले नाही.

“आन् अजूनबी भांडतो,” ते म्हणाले. “रोज. आदी भांडतो, मग म्हनतो.”

मी म्हटलं, “मी तुमच्यावर पाच वर्षं लाथा झाडल्या, दादा.”

त्यांनी दाराआड पाहिलं. दिमिष्काच्या वाटेवर, येशूच्या लोकांचा छळ करायला निघालेल्या शौलाला प्रभू म्हणतो, पराणीवर लाथ मारणे तुला कठीण. ते वचन दादांच्या फार आवडीचं. ते म्हणाले, “बैल पराणीवर लाथ मारतो तवा बैलालाच लागतं, खरंय. पर पराणी धरणाऱ्याच्या हातालाबी झिणझिण्या येत्यात. त्ये कुनी ल्ह्येलं न्हाई.” आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो काढला नाही. हात जड होता, घामाचा आणि शेणामातीचा वास असलेला, आणि खरंच थरथरत होता.

दुपारी आम्ही विशेष बोललो नाही. आईने शेंगा भाजल्या, दादांनी फोडून दाणे माझ्यासमोर सारले, मी खाल्ले. ते दुसरीकडे पाहत राहिले, पाहुण्या पाखराकडे पाहू नये तसे.

दिवेलागणीला आई चुलीपाशी बसली. दादांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “हे आमच्या स्वर्गातील पित्या.” आम्ही तिघांनी सुरुवात केली. “तुझे राज्य येवो” झालं आणि दादा थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही, डोळे मिटलेलेच होते. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मी मनात पहिलं अर्ध म्हटलं, जे मी कधीच नीट म्हटलं नव्हतं, कारण तेव्हा मला ते कुणाकडे मागायचं हेच सुचत नव्हतं: तिला ठेव. तिला ठेवायला हवं होतंस. मग “जसे स्वर्गात” म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. दादा थांबून राहिले. आईनेही घाई केली नाही. दुसऱ्यांदा “जसे स्वर्गात तसे” पर्यंत आले. तिसऱ्यांदा दादांनी हळू आवाजात माझ्याबरोबर सुरुवातीपासून धरलं, मला लहानपणी शिकवताना धरायचे तसं, एकेक शब्द, आणि आम्ही ती ओळ संपवली.

“आमची रोजची भाकर आज आम्हांला दे,” दादा पुढे म्हणाले. आईने डोळे न उघडताच तव्यावरची भाकरी उलटली.